पहिला फ्लॅश घेताना

हॉस्टेलवर ज्याच्याकडे कॅमेरा असतो त्याला एरवी कुणी विचारत नाही. पण गणपती बसले की त्याचा भाव वधारतो. मग फ्रेशर्स, गॅदरिंग, सेंड-ऑफ... "कॅमेरा घेऊन ये रे" हा हुकूम ठरलेलाच. आणि हे सगळे कार्यक्रम होतात कधी, तर संध्याकाळनंतर, चार भिंतींच्या आत, ट्यूबच्या उजेडात! तो उजेड डोळ्यांना भरपूर वाटतो, कॅमेऱ्याला मात्र नाही.

आमच्या विंगच्या कॉम्प्युटरवर गेल्या काही वर्षांच्या फोटोंचे फोल्डर आहेत. ते नीट पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. स्टेजवरचे पाहुणे, सत्कारमूर्ती, रेक्टर सर सगळे स्पष्ट आलेत, कारण हार घालून घेताना माणूस थांबतो आणि त्याच्यावर हॅलोजन असतो. ज्यांनी दोनशे ताटं वाढली ते मेसचे मामा आणि मावशी मात्र कुठेच धड नाहीत. कुणाचा हात म्हणजे नुसता फराटा, कुणाचा चेहराच हललेला. शटर १/३० ला असताना वाढणारा हात थांबत नाही, आणि त्या हाताला थांबायला सवडही नसते.

यंदा मेसमधल्या एक मावशी निवृत्त होणार होत्या. निरोपाचं जेवण मेसमध्येच, आणि त्या दिवशीही वाढायला त्या स्वतः उभ्या राहणार हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणून विंगने वर्गणी काढून एक फ्लॅश घ्यायचं ठरवलं आणि निवडीचं काम माझ्या गळ्यात पडलं. वर्गणीचा पैसा म्हणजे चाळीस जणांना उत्तर देणं आलं. त्यामुळे मी आधी वही-पेन घेऊन बसलो.

पहिला प्रश्न सगळे विचारतात तोच : कॅमेऱ्यात आहे की फ्लॅश, मग आणखी कशाला? फ्लॅशची ताकद गाइड नंबरने सांगतात. गाइड नंबर भागिले अंतर म्हणजे ॲपर्चर, इतकं सोपं गणित. कॅमेऱ्यातल्या फ्लॅशचा हा नंबर आयएसओ १०० ला साधारण १० मीटरच्या आसपास असतो. पण ताकदीपेक्षा मोठी अडचण दिशेची. तो सरळ समोरच मारतो. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो, हे आपण बारावीत घोकलंय. म्हणजे २ मीटरवरच्या माणसापेक्षा ६ मीटरवरच्याला नऊ पट कमी उजेड. पुढचा भुतासारखा पांढरा, मागचा अंधारात.

यावर उपाय म्हणजे फ्लॅशचं डोकं वर करून उजेड छतावर मारायचा. मग पांढरं छत हाच एक मोठा दिवा होतो आणि सगळ्या पंगतीवर सारखा, मऊ उजेड पडतो. म्हणून माझ्या यादीतली पहिली अट हीच : डोकं वर तर झालंच पाहिजे, शिवाय डावी-उजवीकडेही वळलं पाहिजे. नाहीतर कॅमेरा उभा धरला की उजेड छताऐवजी बाजूच्या भिंतीवर जातो.

आता ताकद किती हवी? बॉक्सवर गाइड नंबर ६० छापलेला असतो, पण तो बहुधा २०० मिमी झूमला. ३५ मिमीला तोच फ्लॅश ३६ च्या आसपास येतो. आमच्या मेसचं गणित असं : उजेड छतापर्यंत जाऊन खाली माणसापर्यंत यायला सुमारे ६ मीटर. आयएसओ ८०० ला गाइड नंबर २.८ पट, म्हणजे जवळजवळ १००. छत साधारण दोन स्टॉप उजेड खातं, म्हणून निम्मा, ५०. त्याला ६ ने भागलं की एफ/८. मला एफ/४ पुरतं. म्हणजे फ्लॅश चौथ्या हिश्श्याच्या ताकदीवरही चालेल. हिशेब जमला!

पाव ताकदीचा आणखी एक फायदा आहे. ताकद कमी तेवढी लकाकी छोटी. या वर्गातले फ्लॅश पूर्ण ताकदीला सुमारे १/३०० सेकंद पेटतात आणि सगळ्यात कमी ताकदीला १/२०,००० पर्यंत जातात. हलणारा हात थांबवते ती ही लकाकी, शटर नव्हे. शटर १/२०० च्या आसपासच्या सिंक स्पीडपुढे नेलं तर उलट फोटोत काळी पट्टी येते. (इलेक्ट्रिकलवाल्यांनी कॉलर ताठ करावी : ही विद्या आपल्यापर्यंत आणणारे हॅरोल्ड एजर्टन एमआयटीचे इलेक्ट्रिकलवाले. सिंक्रोनस मोटर फिरताना दिसावी म्हणून ते लकाकणारे दिवे वापरत. दुधाच्या थेंबाचा मुकुट झालेला त्यांचा १९५७ चा फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो.)

दुसरा वाद टीटीएल की मॅन्युअल. टीटीएलमध्ये कॅमेरा आधी एक बारीक लकाकी मारून उजेड मोजतो आणि ताकद स्वतः ठरवतो. मॅन्युअलमध्ये १/१, १/२, १/४ असं आपणच ठरवायचं. मेससारख्या एकाच छताखाली मॅन्युअल पुरतं, शिवाय स्वस्त. धावपळीच्या कार्यक्रमात टीटीएल बरा. आमचं मत मॅन्युअलकडे झुकलं होतं.

पण निर्णय फिरवला एका पिनने. कॅमेऱ्याच्या हॉटशूमध्ये मधोमध एक पिन असते. साधा मॅन्युअल फ्लॅश तिच्यावरच उडतो. कॅननच्या १५००डी, ३०००डी, २००डी मार्क टू अशा काही बॉडींमध्ये ही पिन नाहीच. गोडॉक्स टीटी६०० सारखा मॅन्युअल फ्लॅश त्यांच्यावर बसतो, पण पेटत नाही. आमच्या विंगचा कॅमेरा याच जातीचा निघाला. म्हणून कॅमेऱ्याची भाषा समजणारा टीटीएल फ्लॅश घेणं आलं, आणि वर्गणी दुसऱ्यांदा फिरली. कॅमेरा बरोबर घेऊन दुकानात गेलो, त्यावर लावून दहा वेळा उडवला, मगच पैसे दिले.

कुणीतरी घरचा जुना, रोलच्या काळातला फ्लॅशही देऊ केला होता. तो घ्यायचा मोह टाळावा. काही जुन्या फ्लॅशच्या पिनवर दोनशे व्होल्टच्या वर दाब असतो, डिजिटल कॅमेऱ्याचं सर्किट त्यात जळू शकतं. मल्टिमीटर लावून बघा, पण फ्लॅश उघडू नका. आतला कपॅसिटर ३३० व्होल्टपर्यंत भरलेला असतो.

सेलमध्येही काटकसर नको. १००० मायक्रोफॅरड आणि ३३० व्होल्ट धरा. अर्धा सीव्ही वर्ग म्हणजे ५४ ज्यूल. ते अडीच सेकंदांत भरायचे तर ४.८ व्होल्टच्या चार सेलमधून साडेचार अँपिअर ओढले जातात, लॉसेस वेगळेच. साधे अल्कलाइन सेल तिथे धापा टाकतात. रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइडचे दोन संच ठेवावेत.

आणि हा फ्लॅश सगळीकडे चालत नाही हेही सांगतो. ऑडिटोरियमचं छत उंच आणि काळं असतं, तिथे वर मारलेला उजेड परत येत नाही. जवळची पांढरी भिंत शोधावी. हॅलोजनखाली फ्लॅशवर नारिंगी जिलेटिन चिकटवावं, नाहीतर माणूस निळा आणि मागचा पडदा केशरी!

निरोपाच्या जेवणाला आयएसओ ८००, एफ/४, १/१६० ठेवलं आणि डोकं छताकडे केलं. मावशी नेहमीच्या झपाट्याने वाढत होत्या. फोटोत आमटीची धार हवेत थांबलेली आहे, पळी धरलेला हात रेषान् रेषा दिसतोय, आणि मागच्या पंगतीत भांडी उचलणारे मामासुद्धा ओळखू येतात. प्रिंट हातात घेऊन मावशी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "अगं बाई, मी अशी दिसते होय वाढताना! आणखी एक काढून दे रे बाळा, लेकीला पाठवते."

चाळीस जणांना द्यायचा हिशेब तिथेच चुकता झाला.

फ्लॅश आता विंगच्या कपाटात आहे, शेजारी वही आहे. ज्याला न्यायचा त्याने नाव लिहून न्यावा, सेल चार्ज करून परत ठेवावेत. आणि कार्यक्रम कुणाचाही असो, निदान चार फोटो तरी स्टेजकडे पाठ करून काढावेत.