घरी पोचण्यापुरतं

जूनमध्ये आम्ही डिचोलीहून पेडण्याला नणंदेकडे निघालो होतो. अस्नोडा मागे पडलं आणि चिखलातला चिरा गाडीच्या पोटाला लागला. मागे काळ्या तेलाची रेघ! ह्यांनी लगेच इंजिन बंद केलं, ते एक बरं झालं. तेलाविना चालवली असती तर इंजिनच जाम झालं असतं.

गाडी ओढून गॅरेजात नेली. "चेंबर फुटलंय," तिथला पोरगा म्हणाला. रविवार, त्यामुळे नवं मिळेना. त्याने उरलेलं तेल काढलं, भेगेभोवती पॉलिश पेपर घासला, पेट्रोलने पुसून जागा कोरडी केली. मग एम-सीलच्या दोन कांड्यांचे सारखे तुकडे घेऊन कणकेसारखे मळायला लागला. मळायचं म्हटल्यावर मी थोडीच गप्प बसते! हात पुढे केला, तर म्हणाला, "काकी, आधी हातात पिशवी घाला, कातडीला त्रास होतो." एकटी कांडी काही जोडत नाही, दोन्हींचा रंग एकजीव झाला, की त्याचा दगड होतो. घट्ट होईपर्यंत काही तास थांबलो. निघताना तो म्हणाला, "हे घरी पोचण्यापुरतं हं."

ह्यांनी ते अडीच महिने चालवलं. वर विश्वास वाढला. आरसा जोडला, बंपर जोडला. तिथवर ठीक होतं. पण ऑगस्टअखेर ब्रेकच्या पाइपातून तेल पाझरताना दिसलं, तर हे अरल्डाइटच्या दोन नळ्या घेऊन बसले. दुसऱ्या दिवशी नातवंडांना घेऊन जायचं होतं.

मी म्हटलं, "अहो, ब्रेक दाबला की सगळा जोर त्या पाइपात येतो. तिथे डिंक चालायचा नाही. मी बसणार नाही, मुलांनाही बसू देणार नाही."

लग्नाला एकतीस वर्षं झाली, एवढं स्पष्ट पहिल्यांदाच बोलले. दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी पाइप बदलला, चेंबरही बदललं. बिल मुकाट्याने माझ्यासमोर ठेवलं.

कषायामुळे कर्म आत्म्याला चिकटतं, तेलकट भिंतीला धूळ बसावी तसं, हे आपण लहानपणापासून ऐकतो. त्या कषायांतला मान मी त्या दोन दिवसांत घरात पाहिला. ह्यांचा, आणि माझाही. बोलले ते बरोबरच होतं, पण नंतरचा अबोला कशाला ताणला?

क्षमावाणीच्या दिवशी सगळ्यांत आधी ह्यांनीच हात जोडले, "उत्तम क्षमा." मीही जोडले.

अरल्डाइट आता माझ्या कपाटात असतं. आरशाला, बंपरला खुशाल वापरा. ब्रेक, स्टिअरिंग, पेट्रोलची टाकी इथे मात्र बायांनो, नाही म्हणायला लाजू नका.