शाकारणी

मे संपत आला की आईचा फोन ठरलेला : "कौलं चाळायची आहेत, येतोस ना?" यंदाही आलो. शिडीवरून चढलो आणि पहिल्याच पावलाला कौल कडकन मोडलं. गडी हसला. "रिपेच्या अंदाजानं पाय टाका हो!"

आमची कौलं मंगळुरी. बासेल मिशनने १८६५ साली मंगळुरात कारखाना काढला, तिथून ती किनारपट्टीभर पसरली. त्याआधीचे नळे माकडाच्या एका उडीत सरकायचे. हे कौल खाचेत खाच अडकून बसतं. पण आंब्याची फांदी पडली की फुटतंच.

एक उचलून उलटं केलं. खाचेत कुजका पाला, त्यावर शेवाळ. गळतीचं मूळ बहुधा हेच. पाला पाणी अडवतो, मग ते कौलाखालून आत शिरतं. खरवडून काढलं, नखं हिरवी झाली.

भाऊ म्हणतो, पत्रे घाला. दुपारी भट्टी आणि पावसात बोललेलं ऐकू येत नाही; मला नाही पटत. वाशाचं मात्र खरं नाही. बोटानं दाबलं तर वाळवीचा भुगा. सुतार उद्या येतो म्हणालाय, म्हणजे परवा.

फुटकी कौलं १७ निघाली. माळ्यावर शिल्लक आहेत १२.