पाण्याची फिर्याद

वकिली व्यवसायाने मला एक खोड जडली आहे. कोणी गाऱ्हाणे घेऊन आला की माझ्या मुखातून पहिला प्रश्न निघतो, “पुरावा काय?”

गतवर्षी आमच्या देवस्थानच्या जत्रेच्या आदल्या दिवशी वृद्ध रांदपी मजकडे आले व हळूच म्हणाले, “वकीलबाब, नळाच्या उदकाक वास येता.” मी तांब्या उजेडात धरून पाहिला. पाणी स्फटिकवत् निर्मळ होते. मी पुरावा मागितला. ते बिचारे निरुत्तर होऊन परतले. जत्रा सरते न सरते तोच वाड्यावरील कित्येक मुले जुलाब-वांत्यांनी अंथरुणास खिळली. त्यांत माझा पुतण्याही होता. सुदैवाने सारी बरी झाली. परंतु मला हवा असलेला पुरावा तो हाच होता काय?

१९५५ च्या अखेरीस दिल्लीत नजफगड नाल्याचे सांडपाणी यमुनेतील वझिराबादच्या उपशापर्यंत पोहोचले. क्लोरीनची मात्रा वाढविण्यात आली. तरीही काही आठवड्यांनी सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. रोगी मोजून पाणी ओळखावयाचे म्हटले, तर न्याय नेहमी उशिराच मिळणार.

वास्तविक पाण्याची साक्ष आधीही काढता येते. नळाच्या पाण्यात लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा, असा दंडक आहे. तो एकाएकी नाहीसा झाला, तर वाटेत कशाने तरी तो खाल्ला असे समजावे. शिवाय १९८२ साली ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी एक सोपी कसोटी प्रसिद्ध केली. औषध लावलेला कागद असलेल्या बाटलीत पाणी भरून ती उबेत ठेवावी. मैल्याचा संसर्ग असल्यास बहुधा रात्रीतून पाणी काळे पडते. हा अंतिम निवाडा नव्हे, प्रथमदर्शनी पुरावा होय. पाणी थांबवून प्रयोगशाळेकडे धाव घेण्यास तेवढा पुरेसा आहे.

आता देवस्थानच्या कचेरीत एक वही ठेविली आहे. रोज सकाळी क्लोरीन, दर सोमवारी बाटली, आणि कोणीही सांगितलेला वास वा गढूळपणा तिच्यात नोंदविला जातो.

यंदाच्या जत्रेपूर्वी बाटली काळी पडली नाही. तरी मी पहिला तांब्या रांदप्यांच्या हाती दिला. त्यांनी तो नाकाशी नेला, क्षणभर थांबले आणि मान डोलावली. गतवर्षी त्यांनी आणलेला पुरावा नव्हता, हे खरे. ती फिर्याद होती. आणि फिर्याद नोंदवून घेणे, हे तर माझे काम होते.