दुरून येणारा आवाज

जगातील जवळजवळ कोणतेही नभोवाणी केंद्र आज खिशातल्या मोबाइलवर ऐकता येते. लंडन असो वा टोकियो, बोट टेकवले की शेजारच्या खोलीत कोणी बोलत असावे इतका स्वच्छ आवाज येतो. अशा या काळातही काही माणसे रात्रीची जेवणे आटोपल्यावर एक छोटा रेडिओ घेऊन खिडकीशी किंवा गच्चीवर बसतात, त्याचा काटा केसभर पुढे-मागे सरकवतात आणि खरखरीपलीकडून येणारे एखादे अस्पष्ट वाक्य पकडण्यासाठी कान टवकारतात. पुष्कळदा त्या वाक्याची भाषाही त्यांना कळत नाही. घरातील मंडळींना हा प्रकार थोडा चमत्कारिक वाटतो. ‘हेच मोबाइलवर लावले तर?’ हा प्रश्न अशा बहुतेक घरांत केव्हा ना केव्हा विचारला गेलेला असतो.

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र आकाशात शोधावे लागते.

रेडिओच्या मध्यम लहरी जमिनीलगत पसरतात आणि दिवसा काहीशे किलोमीटरच्या आत क्षीण होतात. लघुलहरींचे तसे नाही. त्या वर जातात. पृथ्वीपासून सुमारे शंभर किलोमीटरपासून तीन-चारशे किलोमीटर उंचीपर्यंत सूर्याच्या किरणांनी विद्युत्‌भारित झालेल्या हवेचे अतिशय विरळ थर आहेत. त्यांना आयनांबर म्हणतात. लघुलहरी तेथे वाकतात आणि पुन्हा जमिनीकडे येतात, जमिनीवरून वा समुद्रावरून परत उसळतात, पुन्हा वर जातात. अशी एकेक उडी तीन-चार हजार किलोमीटरची असू शकते. लंडनच्या केंद्राचा आवाज लातूरच्या गच्चीवर पोहोचतो तो अशा दोन-तीन उड्यांनी. मध्ये तार नाही, उपग्रह नाही, कोणत्याही कंपनीचे जाळे नाही. हे थर खरोखरच आहेत हे एडवर्ड ॲपल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९२४ मध्ये प्रयोगाने दाखवून दिले आणि त्याबद्दल त्याला १९४७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. भारतात हा अभ्यास रुजवला तो कलकत्त्याच्या शिशिरकुमार मित्र यांनी.

हे आकाशातले छत सूर्याच्या लहरीवर अवलंबून असते. दिवसा आयनांबराखालचा एक थर लांब पल्ल्याच्या काही लहरी गिळून टाकतो. सूर्य मावळला की तो थर विरतो आणि दूरची केंद्रे एकेक करून उमटू लागतात. म्हणून जाणता श्रोता दुपारी १९ किंवा १६ मीटरच्या पट्ट्यावर असतो आणि अंधार पडल्यावर ३१, ४१ व ४९ मीटरकडे वळतो. (तीन लाखांना किलोहर्ट्झच्या आकड्याने भागले की मीटर मिळतात, हे गणित त्याला तोंडपाठ असते.) सूर्यावरील डागांचे सुमारे अकरा वर्षांचे चक्र असते, डाग वाढले की दूरवरची केंद्रे दिवसाही उत्तम लागतात. पण सूर्यावर मोठा उद्रेक झाला, तर उजेडात असलेल्या अर्ध्या पृथ्वीवर लघुलहरी काही काळ मुक्या होतात. २०२४ च्या मे महिन्यात सूर्यावरून आलेल्या प्रचंड चुंबकीय वादळाच्या रात्री लडाखमधील हानले येथून आकाशात तांबूस प्रकाश दिसला. वृत्तपत्रांनी त्याची छायाचित्रे छापली. रेडिओपुढे बसणाऱ्यांना मात्र सूर्याचे बिनसल्याची वार्ता रेडिओच्या अबोल्यातूनच कळते.

तेव्हा मोबाइलवरील आवाज आणि हा आवाज एकच नव्हे. मोबाइलवरचे लंडन जितके जवळ, तितकेच टोकियो जवळ. सगळे सारखेच जवळ. लघुलहरींवरील आवाज मात्र आपले अंतर बरोबर घेऊन येतो. तो उंचावतो, बुडतो, कधी पाण्याखालून आल्यासारखा घुमतो, आणि वाटेवर कोठे रात्र होती, कोठे दिवस होता, हे त्यावरून जाणत्याला सांगता येते.

भारतात लघुलहरी ऐकणे हा मुळात छंद नव्हता. ती गरज होती. १९४२ च्या ऑगस्टमध्ये काँग्रेसचे नेते तुरुंगात गेले, वृत्तपत्रांवर बंधने आली, तेव्हा मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक गुप्त नभोवाणी केंद्र चालवले. ४२.३४ मीटर ही त्याची जागा. पोलिसांची शोधपथके माग काढत असल्यामुळे ते केंद्र शहरात जागा बदलत राही. राममनोहर लोहियांचे त्याला साहाय्य होते. नोव्हेंबरमध्ये पोलिसांनी ते पकडले आणि विशीतल्या उषाबहेनना चार वर्षांची शिक्षा होऊन येरवड्याच्या तुरुंगात जावे लागले. केंद्र चालवणारे पकडले गेले. ते ऐकणारे किती होते आणि कोण होते, हे मात्र सरकारला कधीच मोजता आले नाही. रेडिओ ऐकणारा माणूस आपला माग ठेवत नाही. ही गोष्ट पुढे पुन्हा आठवावी लागेल.

स्वातंत्र्यानंतर कारणे अधिक सुखाची झाली. माहिती व नभोवाणी मंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांनी आकाशवाणीवरील चित्रपटगीतांना आळा घातला आणि शास्त्रीय संगीताला मानाचे पान दिले. हेतू थोर होता, परंतु श्रोत्यांनी मुकाट्याने काटा सिलोनकडे फिरवला. महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या सैन्यासाठी उभारलेले बलाढ्य प्रक्षेपक सिलोनकडे आले होते. त्यांवरून डिसेंबर १९५२ पासून अमीन सयानी यांनी सादर केलेली ‘बिनाका गीतमाला’ देशभर घुमू लागली. तांब्याच्या जाळीची एरियलची पट्टी भिंतीवर ताणलेली, टपाल कार्यालयातून काढलेला रेडिओचा परवाना कपाटात जपून ठेवलेला आणि बुधवारी रात्री शेजारीपाजारी गोळा झालेले, असे दृश्य तेव्हा अनेक घरांत दिसे. त्या सर्वांना आपण लघुलहरींचे श्रोते आहोत याची जाणीवही नसेल. ती गाणी ऐकत होती, इतकेच.

छंद सुरू होतो तो गाणे संपल्यावरही माणूस रेडिओजवळ बसून राहतो तेव्हा. हे कोणते केंद्र? कोठून बोलते आहे? आणि आपल्याला ते ऐकू आले हे त्यांना कळेल का? या शेवटच्या प्रश्नातून एक विलक्षण पत्रव्यवहार जन्माला आला. श्रोता वहीत तारीख, जागतिक प्रमाणवेळ (म्हणजे भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा), कंप्रता आणि ऐकलेल्या कार्यक्रमाचा तपशील टिपतो. मग पाच आकडे लिहितो: आवाजाचा जोर, दुसऱ्या केंद्राचा अडथळा, खरखर, चढउतार आणि एकंदर गुण. पाच म्हणजे उत्तम, एक म्हणजे जवळजवळ अशक्य. असा अहवाल पत्राने केंद्राकडे जातो; त्यासोबत परतीच्या टपालखर्चासाठी पूर्वी आंतरराष्ट्रीय उत्तर-कूपन जोडत. केंद्रातील अभियंता आपल्या नोंदींशी तो ताडून पाहतो आणि खरा ठरल्यास एक सचित्र कार्ड पाठवतो. त्याला क्यूएसएल कार्ड म्हणतात. तारायंत्राच्या सांकेतिक भाषेत या तीन अक्षरांचा अर्थ एवढाच, की पोच मिळाली.

येथे खोटे चालत नाही. कार्यक्रमाचा तपशील चुकला की कार्ड येत नाही, आणि न ऐकता मिळवलेल्या कार्डाला या मंडळींत किंमत नसते. आकाशवाणीही दिल्लीहून अशी कार्डे पाठवी. गोव्यात पणजी येथे असलेल्या २५० किलोवॉटच्या प्रक्षेपकांवरून परदेशांसाठी होणारे कार्यक्रम ऐकून युरोपातील आणि जपानमधील श्रोते त्यासाठी अर्ज करीत. आपल्याला परदेशाचे जेवढे अप्रूप, तेवढेच त्यांना आपले.

नंतर केंद्रे बंद पडू लागली. खर्च मोठा, श्रोते घटलेले आणि तेच काम इंटरनेटवर स्वस्तात होणारे. प्रत्येक वेळी कारणे साधारण हीच होती. रेडिओ नेदरलँड्सचे इंग्रजी प्रक्षेपण जून २०१२ मध्ये थांबले. कूकाबुरा पक्ष्याच्या हसण्याने ओळखली जाणारी रेडिओ ऑस्ट्रेलिया ३१ जानेवारी २०१७ रोजी लघुलहरींवरून गेली. ज्या बीबीसी हिंदीच्या बातम्यांनी उत्तर भारतातील कित्येक खेड्यांची सकाळ होत असे, तिचे १९४० पासूनचे लघुलहरींवरील प्रक्षेपण ३१ जानेवारी २०२० रोजी संपले. आकाशवाणीनेही आपली बरीच लघुलहरी प्रक्षेपणे आवरती घेतली. मार्च २०२५ मध्ये तर व्हॉइस ऑफ अमेरिकेचा आवाज निरोपाचा शब्दही न बोलता तुटला.

इंटरनेटने या छंदाचे आणखी एका मार्गाने नुकसान केले, त्याची चर्चा फारशी होत नाही. मोबाइलचे चार्जर, एलईडी दिवे, इन्व्हर्टर आणि दूरदर्शनसंचावरील डबे ही सगळी उपकरणे लघुलहरींच्या पट्ट्यांत सतत बारीक गुरगुर पसरवीत असतात. शहरातील सदनिकेत आज रेडिओ लावला तर पुष्कळदा फक्त शेजाऱ्यांची विजेची उपकरणेच ऐकू येतात. भारनियमनाच्या नावाने सारा महाराष्ट्र बोटे मोडीत होता त्या वर्षांत, दिवे गेले की आनंदित होणारा हा एकच प्राणी असावा. गल्ली काळोखात बुडाली की त्याचा बॅटरीवरील रेडिओ एकाएकी निर्मळ होई. घरचे लोक मेणबत्ती शोधत असत आणि हा अंधारात अंकारा शोधत असे.

उलट, इंटरनेटने हात दिला हेही नाकारता येत नाही. कोणते केंद्र केव्हा, कोणत्या कंप्रतेवर लागेल याची वेळापत्रके सहज मिळू लागली आणि अहवाल क्षणात पोहोचू लागले. नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठाने तर आपला लघुलहरींचा रेडिओच जगासाठी खुला केला आहे. भारतात संगणकापुढे बसून तेथील काटा फिरवावा आणि तेथील आकाश ऐकावे! जिच्या घरात खरखरीमुळे काहीच लागत नाही, अशा व्यक्तीला हे वरदान आहे. मात्र अशा ऐकण्याला ‘ऐकले’ म्हणावे का, यावर या मंडळींत मतभेद आहेत. म्हणू नये, हेच खरे वाटते. ज्या एरियलवर लहर उतरली ते एरियल ज्याचे, ऐकले त्याने. बाकीच्यांना त्याने सांगितले, एवढेच.

हा वाद हौशी लोकांचा म्हणून सोडून देता येईल. पण २०२२ च्या मार्चमध्ये युद्धग्रस्त युक्रेनसाठी बीबीसीने रोज चार तास लघुलहरींवर बातम्या सुरू केल्या आणि त्या कीव्हपर्यंत ऐकू येतील अशी व्यवस्था केली. सुदानमधील लढाई भडकल्यावर २०२३ च्या मे महिन्यात अरबी भाषेत अशीच तातडीची सेवा दिवसातून दोनदा देण्यात आली. ज्या माध्यमाला निरुपयोगी ठरवून निरोप दिला होता, त्यालाच पुन्हा बोलावणे आले. इंटरनेट बंद करायला एक आदेश पुरतो. तारा आणि मनोरे तोडता येतात. शिवाय इंटरनेटवर कोण काय ऐकतो याची नोंद कोठेतरी राहते. लघुलहरींवर खरखर करून अडथळा आणता येतो, पण उड्या मारीत येणारी लहर पुरती अडवणे अवघड असते, आणि ऐकणाऱ्याची नोंद तर कोठेच होत नाही. १९४२ मधील मुंबईचे ते अनाम श्रोते येथे आठवतात.

मात्र प्रक्षेपक पुन्हा सुरू करता आला, तरी ऐकणारा एका दिवसात तयार होत नाही. घरात लघुलहरींचा पट्टा असलेला रेडिओ हवा. रात्री कोणत्या मीटरवर जावे, खिडकीबाहेर किती लांब तार सोडावी, खरखरीतून शब्द कसा वेचावा, हे कोणाला तरी ठाऊक हवे. आज हे ज्ञान मुख्यतः छंदिष्टांकडे उरले आहे आणि त्यांपैकी बहुतेकांचे केस पांढरे झाले आहेत.

त्यांच्यासाठी अधूनमधून चांगली बातमीही येते. रेडिओ ऑस्ट्रेलिया गेली, पण प्रशांत महासागरातील विखुरलेल्या बेटांसाठी न्यूझीलंडने २०२४ मध्ये लघुलहरींचा नवा प्रक्षेपक सुरू केला. त्याचा रोख भारताकडे नाही. मुंबईपासून तो देश सुमारे १२ हजार किलोमीटर दूर आहे. तरीही सायंकाळी काही श्रोते घरातले चार्जर काढून ठेवतात, दिवे मालवतात आणि तिकडे काटा नेऊन बसतात. वहीतील तारीख, वेळ आणि कंप्रतेचे रकाने आधीच भरलेले असतात. पाच आकड्यांची जागा तेवढी कोरी असते.