पद्मिनी, रोजच्या ड्युटीवर

काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या नोकरीतून ती रिटायर झाली. पण मुंबईत अजूनही काही जण तिला घेऊन रोज ऑफिस गाठतात. चेंबूर ते फोर्ट, आणि रविवारी कुर्ला... एका छोट्या क्लासिक गाडीच्या खिडकीतून दिसलेली मुंबई.

पार्किंगमध्ये तुमची नवीकोरी एसयूव्ही उभी आहे आणि शेजारी एक जुनी प्रीमियर पद्मिनी येऊन थांबली, तर वॉचमन कोणाकडे बघेल? पद्मिनीकडे. लावा पैज! नुसता बघणार नाही, जवळ येईल, बॉनेटवरून हात फिरवेल आणि म्हणेल, ‘माझे काका हीच चालवायचे.’ मुंबईत प्रत्येकाचा कोणी ना कोणी काका ही गाडी चालवत होता.

माझी एक मैत्रीण रोज हे ऐकते. राहते चेंबूरला, नोकरी फोर्टात आणि गाडी आजोबांनी १९८६ साली घेतलेली पद्मिनी. क्रीम कलरची. व्हिंटेज रॅलीची हौस वगैरे काही नाही. सोमवार ते शुक्रवार, डबा आणि लॅपटॉप मागच्या सीटवर टाकून ती सरळ कामाला जाते. आठवडाभर मीही तिच्या शेजारी बसून गेले.

गियर कुठाय?

नव्या माणसाचा पहिला प्रश्न हाच. दोन सीटच्या मध्ये हात नेलात तर हाती काहीच लागत नाही. गियरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर, डाव्या हाताला. एकूण चार गियर. सकाळी इंजिन थंड असलं की आधी चोक ओढायचा, मग स्टार्टर. पहिल्या फटक्यात सुरू झाली तर दिवस चांगला जाणार, असा मैत्रिणीचा फंडा आहे.

इंजिन १०८९ सीसीचं, ताकद चाळीस हॉर्सपॉवरच्या आसपास. पॉवर स्टिअरिंग नाही, एसी नाही. ब्रेक ड्रमचे, म्हणजे सिग्नल लांबून दिसला की तिथूनच पाय तयार ठेवायचा. पण लांबी चार मीटरच्या आत, त्यामुळे फोर्टातल्या गल्लीबोळांत ती मजेत शिरते. काचा मोठ्या, खांब बारीक, चारही बाजूंचं स्वच्छ दिसतं. आणि पुढच्या दारातली ती तिकोनी काच! ती थोडी फिरवली की वारा थेट तोंडावर येतो. गाडीतला एसी म्हणायचा तर तोच.

रस्ता लांब चालेल, पण थांबायला नको

मोबाइलवरचा नकाशा सगळ्यात कमी वेळाचा रस्ता दाखवतो. मैत्रीण सगळ्यात कमी थांबण्याचा रस्ता घेते. कारण साधं आहे. या गाडीचा रेडिएटरचा पंखा इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो. गाडी उभी राहिली, इंजिन मंदावलं, की पंखाही मंदावतो. मे महिन्यात सायनच्या ट्रॅफिकमध्ये वीस मिनिटं अडकलात की टेम्परेचरचा काटा चढायला लागतो. त्याहून वाईट म्हणजे पेट्रोलची नळी तापून पेट्रोलची आतल्या आत वाफ होते. पंपाला पेट्रोल खेचता येत नाही आणि गाडी ठप्प. उपाय? पंपावर ओलं फडकं ठेवायचं आणि दहा मिनिटं थांबायचं. तिच्या डिकीत पाण्याच्या दोन बाटल्या आणि एक जुना टॉवेल कायम असतो. जुन्या टॅक्सीवाल्यांचा हा नुस्खा आजही चालतो.

म्हणून तिचा रस्ता ठरलेला, ईस्टर्न फ्रीवे. २०१३ साली हा रस्ता सुरू झाला आणि पद्मिनीसारख्या गाड्यांना जणू नवं आयुष्य मिळालं. चेंबूरहून पी. डिमेलो रोडपर्यंत सिग्नल नाही. ताशी पन्नास-पंचावन्नचा वेग, चौथा गियर, इंजिनची एका सुरातली घरघर... बस्स! डावीकडे वडाळ्याची मिठागरं, पुढे शिवडीची खाडी. थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत तिथल्या चिखलात फ्लेमिंगोंचा गुलाबी पट्टा दिसतो. २०२४ च्या जानेवारीत सुरू झालेला अटल सेतूही इथूनच समुद्रात शिरतो. मग बंदराची जुनी गोदामं. काच खाली असल्याने माहुलच्या रिफायनरीचा वास, खाडीचा खारा वारा, गोदीतल्या डिझेलचा धूर, सगळं क्रमाने आत येतं. बंद एसी गाडीतून याच रस्त्याने मी कितीदा तरी गेले आहे, पण मुंबईला इतके वास आहेत हे पद्मिनीत बसल्यावर कळलं.

पावसाळ्यात मात्र सगळा प्लॅन बदलतो. इंजिनमधल्या डिस्ट्रिब्यूटरवर पाणी उडालं की ठिणगी गेली. त्यामुळे जोराचा पाऊस आणि भरतीची वेळ एकत्र आली, तर मैत्रीण मुकाट्याने लोकल पकडते. हिंदमाता, गांधी मार्केट ही नावं ती आजारांसारखी उच्चारते.

रविवार, कुर्ला

आठवड्यातून पाच दिवस फोर्ट आणि महिन्यातून एक रविवार कुर्ला. या गाडीचं माहेरच ते. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कंपनीचा कारखाना कुर्ल्याला उभा राहिला. इटलीच्या फियाटशी करार झाला आणि १९६४ साली ‘फियाट ११०० डिलाइट’ आली. पुढे ती ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ झाली आणि १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’. नाव चितोडच्या राणीचं, पण लोकांच्या तोंडी शेवटपर्यंत ‘फियाट’च! नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघावी लागायची. पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनीही फियाटच घेतली होती, १२ हजार रुपयांना, आणि त्यातले ५ हजार पंजाब नॅशनल बँकेचं कर्ज. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि सगळं चित्र पालटलं. या शतकाच्या तोंडावर पद्मिनीचं उत्पादन थांबलं. आज कारखान्याच्या जागेवर टॉवर आणि ऑफिसं आहेत. ‘प्रीमियर रोड’ हे नाव तेवढं उरलं आहे.

तिथून जवळच, सीएसटी रोडच्या गॅरेजांच्या रांगेत तिचा मेकॅनिक बसतो. सगळे त्याला चाचा म्हणतात. कार्ब्युरेटर उघडला, जेटमध्ये फुंकर मारली, स्क्रू पाव फेरा फिरवला, कान लावला. ना कॉम्प्युटर, ना स्कॅनर! ‘चलती रहेगी तो ठीक रहेगी, बेटा. खडी रही तो गई,’ हे त्याचं ठरलेलं वाक्य.

पण चाचाचं दुखणं वेगळंच आहे. खाजगी पद्मिनी इतकी वर्षं रस्त्यावर टिकल्या त्या टॅक्सींच्या जिवावर. हजारो टॅक्सी होत्या, म्हणून क्लच प्लेट, पाण्याचा पंप, ब्रेकचे रबर बनवणारे होते. ते विकणारी दुकानं होती आणि ते बसवणारे हात होते. सरकारने २००८ मध्ये टॅक्सीचं वय २५ वर्षांवर आणलं, २०१३ मध्ये २० वर्षांवर. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली होती. तिची वीस वर्षं भरली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी संपली. जेमतेम दीड महिन्यापूर्वी बेस्टची जुनी लाल डबलडेकरही गेली होती. पेपरांत फोटो आले, लोक हळहळले. कुर्ल्यात मात्र गिऱ्हाईक आटलं. चाचाकडे शिकायला आता पोरगा येत नाही. ‘फियाट सीख के क्या करेगा?’ या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नाही.

कायद्यातली गंमत

खाजगी पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात पंधरा वर्षांनंतरही चालता येतं. आरटीओत गाडी पास करून दर पाच वर्षांनी रजिस्ट्रेशन वाढवायचं, ग्रीन टॅक्स भरायचा, दर सहा महिन्यांनी पीयूसी काढायची. आता त्यात हाय सिक्युरिटी नंबर प्लेटही आली. हे सगळं मैत्रीण करते.

गंमत पुढेच आहे. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपातली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. स्टेटस मिळतं, खास नंबर मिळतो. पण मग ती रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही! प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच बाहेर काढायची. १९७४ च्या पद्मिनींनी पन्नाशी ओलांडली आहे. म्हणजे गाडीचा मान ठेवायचा तर तिला घरी बसवा. चाचाचं म्हणणं नेमकं याच्या उलट आहे.

दुसरी बाजूही सांगायलाच हवी. या गाडीत एअरबॅग नाही, एबीएस नाही. कार्ब्युरेटरचं इंजिन आजच्या इंजिनापेक्षा जास्त धूर सोडतं. सगळ्या मुंबईने पद्मिनी चालवावी, असं कोणी शहाणा म्हणणार नाही. प्रश्न उरलेल्या मूठभर गाड्यांचा आहे. काचेच्या खोलीत ठेवलेली गाडी दिसते छान, पण ती दुरुस्त करायला कोणी शिकत नाही. फ्रीवेवरून रोज धावणाऱ्या एका क्रीम कलरच्या गाडीमुळे कुर्ल्यातलं एक शटर अजून उघडतं, आणि आपल्याला तिची खरी गरज आहे ती यासाठी.

पद्मिनी घ्यायचा विचार आहे?

• आधी मेकॅनिक शोधा, मग गाडी. हा क्रम चुकवू नका.

• पत्रा तपासा. इंजिन दुरुस्त होतं, पण गंजलेली फरशी आणि दारांखालचा पट्टा खिसा रिकामा करतो. मुंबईच्या हवेत तर जास्तच.

• कागद बघा. रजिस्ट्रेशन कधी संपतंय, आरसीवरचा इंजिन आणि चॅसी नंबर जुळतो का, हे स्वतः वाचा.

• रबर बदला. आता पंपावर इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. या गाडीच्या जुन्या नळ्या त्यासाठी बनलेल्या नव्हत्या. इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या लावून घ्या आणि पेट्रोलचा वास आला तर लगेच थांबा.

• डिकीत ठेवा: फॅन बेल्ट, प्लग, पॉइंट, पाण्याच्या बाटल्या आणि एक फडकं.

• पंधरा मिनिटं आधी निघा. कारण सिग्नलला कोणीतरी काच खाली करून विचारणारच, ‘देणार का?’ उत्तर तयार ठेवा. मैत्रिणीचं ठरलेलं आहे. ‘नाही हो, उद्या ऑफिसला जायचंय.’