शीर राखायची

थॅलेसेमियाच्या डे-केअरमध्ये नवी आलेली नर्स आधी सुई हातात घेते. जुनी आधी मुलाचा हात घेते. थॅलेसेमिया मेजरच्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. आज टोचलेली शीर पुढच्या महिन्यात लागणार, दहावीच्या परीक्षेच्या तोंडावरही लागणार. म्हणून तळहाताच्या मागच्या बाजूपासून सुरुवात करायची. कोपरातली ठसठशीत शीर कितीही खुणावली तरी शक्यतो राखून ठेवायची. दोनदा जमलं नाही, की सुई दुसरीच्या हाती द्यायची. इथे हट्टाला पेटणाऱ्या नर्सचा मला मनापासून राग येतो.

आणि मुलाला विचारायचं. “सिस्टर, डावा नको, मागच्या वेळी सुजला होता. अंगठ्याकडची घ्या.” आठ वर्षांचं पोर असं सांगतं, तेव्हा बहुतेक वेळा त्याचंच बरोबर असतं. आई म्हणते, “गप रे, सिस्टरना कळतं.” मी आईलाच गप्प करते.

पिशवी लावली की पहिली 15 मिनिटं मी जागची हलत नाही. थेंब हळू ठेवायचे. हुडहुडी भरली, कंबर दुखली, अंगावर पित्त उठलं, तर आधी रक्त बंद, मग डॉक्टरांना हाक. पोरं मोबाइलवर कार्टून बघतात, मी त्यांचे चेहरे बघते. बडबडं मूल एकदम गप्प झालं, तर थर्मामीटर शोधण्याआधी माझा हात नळीकडे जातो.

जगवणारं हेच रक्त अंगात लोह साठवतं. एका पिशवीतून साधारण 200 मिलिग्रॅम. ते बाहेर टाकायची सोय शरीराकडे नाही. काळजात, यकृतात साचत राहतं. पूर्वी ते काढायला पोटाच्या कातडीखाली सुई खुपसून रात्रभर पंप चालवायचे. आता डेफेरासिरॉक्सची गोळी आहे. सगळं सोपं झालं, असं पालक म्हणतात. मला नाही तसं वाटत. पंप सगळ्या घराला दिसायचा. गोळी गादीखाली जाते.

म्हणून मूल दहा-अकरा वर्षांचं झालं, की फाइल त्याच्याच हातात. फेरिटिनचा, म्हणजे साठलेल्या लोहाचा अंदाज देणारा आकडा त्यानंच मोठ्यानं वाचायचा.

“मागच्या वेळी 2,100. आता 2,900. काय झालं गं?”

मुलगी आईकडे बघते. मी आईला चहाला पिटाळते. मग कळतं, सकाळी रिकाम्या पोटी गोळी घेतली की क्लासमध्ये मळमळतं, आणि उलटी झाली तर मुली हसतात. डॉक्टरांना विचारून गोळी संध्याकाळी, जेवणाआधी करून घेतली. पुढचं फेरिटिन तीन महिन्यांनी.