बीबीतले पार्लर

मेहकरहून सिंदखेडराजाकडे निघालो की सुलतानपूरनंतर बीबी लागते. तालुका लोणार. लोक सरोवर पाहायला लोणारला जातात, बीबीत फार तर चहापुरते थांबतात. आम्ही नात्यातल्या निकाहसाठी दोन दिवस राहिलो.

नवरीला सजवणारी मुलगी घरातच पार्लर चालवते. कर्ज काढून नखांचे सामान घ्यावे का, हा तिचा प्रश्न. बदामाच्या आकाराची, टोकदार, 'कॉफिन' म्हणजे शवपेटीसारखी नखे (नाव तरी काय शोधलेय!) ती मोबाइलवर दाखवत होती. बायका कौतुकाने पाहत होत्या. पैसे मात्र मेहंदीचे आणि आयब्रोचे देत होत्या.

नेलपॉलिश किंवा जेलचा थर पाणी नखापर्यंत जाऊ देत नाही, मग वुजू कसा व्हायचा? मेहंदी धुतली की थर उरत नाही, रंग तेवढा नखात मुरतो. नखे 40 दिवसांच्या आत कापावीत, अशी हदीसही आहे. शिवाय सोयाबीन-कापसाच्या कामात लांब नखे टिकणार किती? शहरात हे काम चालते, कारण तिथे दर दोन-तीन आठवड्यांनी तीच गिऱ्हाइके परत येतात. इथे सारी लग्नसराई.

"बेटा, आधी काढता येणारी चिकटवायची नखे ठेवून बघ," आमच्यातल्या खालाजान म्हणाल्या. "नमाज नसते त्या दिवसांत मुली हौसेने लावतील."

तिला ते पटले. जेलचा दिवा तिने तूर्त लांबवला. राजस्थानातल्या सोजतची मेहंदी मागवून ती कोन घरीच भरणार आहे. काळ्या रंगाचे तयार कोन नकोच, त्यातल्या पीपीडीने हात भाजतात.